काळ्या पाण्यातली चिलापी

पुण्यात बंडगार्डनच्या आसपास मुळा-मुठेच्या काळपट पाण्यात गळ टाकून माणसं बसतात. गळाला लागते ती बहुधा चिलापी, नाहीतर मांगूर. याच नदीत, पुण्याच्या पूर्वेला मिळालेल्या माशावरून ब्रिटिश निसर्गअभ्यासक कर्नल साईक्स यांनी 1839 साली खुद्री महसीरचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. महसीरला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. मैलापाण्याच्या नदीत ते कुठून मिळणार?

सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. मुळात 30 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. रोहू-कटल्याच्या चांगल्या वाढीला पाचच्या आसपास हवा. चिलापी मात्र प्राणवायू एकवर आला तरी तग धरते. ती पृष्ठभागाशी येते आणि हवेला लागून असलेला पाण्याचा पातळ थर कल्ल्यांवरून फिरवते. पहाटे हे सहज दिसतं, कारण रात्रभर शेवाळानेही प्राणवायू वापरलेला असतो. मांगूर तर सरळ हवाच गिळतो. त्याच्या कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखा लालसर अवयव असतो, त्यातून तो श्वास घेतो.

चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात आली 1952 मध्ये. शेवाळ, गाळातला कुजका पाला, काहीही तिला चालतं. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे नदी बिघडली तरी तिची पिढी वाचते. म्हणून जाळ्यात जिवंत मासा आला, एवढ्यावरून पाणी चांगलं आहे असं म्हणता येत नाही.

हे पाणी पुण्यात थांबत नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनी धरणात येते. तिथेही चिलापी भरपूर. धाराशिव शहराला पिण्याचं पाणी याच धरणातून येतं. भूम तालुक्यातल्या ईटसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावांत ताजा मासा म्हणजे धरणा-तलावातला, आणि कमी पैशांत मिळणाऱ्यांपैकी एक चिलापी. ज्याला पापलेट परवडत नाही त्याच्या ताटातली ही प्रथिनं आहेत. ‘खाऊ नका’ असं सांगून मोकळं होणं मला पटत नाही.

शिजवल्यावर जंतू मरतात. पण सांडपाण्यातून आलेलं शिसं आणि कॅडमियम जात नाहीत. हे धातू मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत जास्त साठतात. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विषही यकृतात जमतं आणि उकळूनही टिकतं. तेव्हा डोक्यासकट कल्ले आणि पोटातलं सगळं काढून टाकावं, त्याचं कालवण करू नये. पारा मात्र मांसात उतरतो. तो माशाकडून मोठ्या माशाकडे चढत जातो. जपानमधल्या मिनामाता इथे 1956 मध्ये, पारा असलेले मासे खाणाऱ्यांना झालेल्या विषबाधेतून, त्याची भयानक किंमत समोर आली. चिलापी बहुतांशी शेवाळावर जगते, त्यामुळे एकाच पाण्यातल्या मरळ किंवा वामपेक्षा तिच्यात पारा सहसा कमी असतो.

पण हे सगळं सर्वसाधारण ज्ञान झालं. या पाण्यातल्या चिलापीच्या मांसात किती शिसं आहे, हे खाणाऱ्याला कळायला हवं. नुसतं पाणी तपासून ते कळत नाही. मासाच तपासायला हवा, उन्हाळ्यात वेगळा आणि पावसाळ्यानंतर वेगळा, आणि आकडे मराठीत, उजनीकाठच्या भिगवणच्या मासळी बाजारात फळ्यावर लिहायला हवेत.