स्वीट विल्यमचे हंगाम

आदिलाबाद जिल्ह्याच्या सरहद्दी गेल्या पाऊणशे वर्षांत वारंवार बदलल्या. १९४८ साली निजामाचा अंमल संपला, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, २०१४ साली तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि २०१६ च्या दसऱ्यास या एका जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु पैनगंगेच्या दक्षिणेकडील या मुलखात निसर्गाने थंडीची जी मुदत मुक्रर केली आहे, तिच्यात कोणत्याही सरकारी हुकुमाने फेरफार होऊ शकला नाही. परसातील स्वीट विल्यम या फुलझाडाच्या मागील हंगामांचा आढावा घेऊ लागले की त्यांचे सारे यशापयश या मुदतीशीच निगडित असल्याचे प्रत्ययास येते.

हे झाड मूळचे दक्षिण युरोपातील पहाडी प्रदेशाचे. १७५३ साली लिनीयसने त्यास शास्त्रीय नाव दिले, पण इंग्रजांच्या बागांत ते त्यापूर्वी दीडशे वर्षे रुळलेले होते. आणि १७१७ च्या सुमारास लंडनच्या टॉमस फेअरचाइल्ड नामक माळ्याने त्याचे पराग कार्नेशनच्या फुलावर घालून जो वांझ संकर निपजविला, तो मनुष्याने हेतुपुरस्सर घडविलेल्या वनस्पतिसंकरांतील पहिला म्हणून गणला जातो. अशा या कुलवंताचा स्वभाव द्विवर्षायू: पहिल्या वर्षी केवळ पाने, मधल्या हिवाळ्याची थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी फुले. जेथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे दुसऱ्या वर्षाचा जामीन कोण राहणार? म्हणून पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या वाणांचे बी आणण्याची तजवीज करावी लागली, आणि तेव्हापासून हंगाम मार्गी लागले.

दुसरा प्रश्न जमिनीचा. येथील काळ्या मातीवर कापसाचा संसार चालतो, तिच्यातील चुनखडीही या झाडास प्रतिकूल नाही. मात्र एकदा शोषलेले पाणी ती सहजासहजी सोडीत नाही आणि मुळाशी ओल तुंबली की बुंधा कुजून उभे रोप मान टाकते. उंच गादीवाफा, त्यात जाड वाळू व कुजून मुरलेले शेणखत, आणि वरची माती सुकल्यावाचून पाणी न देण्याचा निग्रह, एवढ्यावर हा प्रश्न बव्हंशी मिटला.

बतुकम्मा सणासाठी कुरडू आणि तरवडाची फुले खुडण्याचे दिवस सरले की काळे, चपटे बी पेरावयाचे. आठवडा-पंधरवड्यात ते उगवते, रोप बोटभर झाले की वाफ्यात जाते, आणि पौषातील कडक गारठ्यात, जेव्हा केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, त्या सुमारास ते बुटके व दाट होते. माघात प्रत्येक दांड्याच्या शेंड्यावर पसरट गुच्छ उमलतो: प्रत्येक फुलास पाच पाकळ्या, कडा दातेरी, कोठे किरमिजी रंगात शुभ्र वलय, आणि पाकळ्यांखाली दाढीसारखी हिरवी, केसासारखी बारीक छदे. काही वाणांस लवंगेचा मंद वास असतो.

फाल्गुनात ऊन तापले की हा वैभवकाळ आटोपतो. घरचे बी धरले तरी शेजारच्या रंगांच्या परागांमुळे संतती मिश्र निघते, म्हणून विशिष्ट रंग हवा असल्यास बी नव्याने घ्यावे लागते. इतका खटाटोप करूनही या झाडास येथील कायम रहिवासी करता आले नाही. परंतु दसरा ते होळी एवढ्या मुदतीत ते आपला संपूर्ण वसूल चुकता करते, आणि त्याहून अधिक मागणी करणे हा त्याच्यावर जुलूम होय.