सामन्याची किंमत कोण देतो?

क्रिकेटचा सामना आपण घरबसल्या पाहतो. पण तो फुकट दिसत नाही. सामना दाखवण्याचा हक्क वाहिनीला विकत घ्यावा लागतो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क २०२२ साली लिलावात विकले गेले. त्यांपैकी भारतात टीव्हीवर सामने दाखवण्याच्या हक्कांसाठी २३,५७५ कोटी रुपयांची बोली लागली. त्या वेळी ४१० सामने धरले होते. म्हणजे एका सामन्याला सुमारे साडेसत्तावन्न कोटी रुपये! सामन्यात २४० चेंडू धरले, तर एका चेंडूला जवळजवळ २४ लाख रुपये पडतात.

हा पैसा वाहिनी दोन मार्गांनी मिळवते. पहिला मार्ग म्हणजे प्रेक्षकांची वर्गणी आणि दुसरा म्हणजे जाहिराती. षटक संपले की जाहिरात लागते. वीस षटकांच्या एका डावात अशा १९ जागा असतात, दोन डावांत ३८. जाहिरातीचा खर्च कंपनी आपल्या मालाच्या किमतीत धरते. म्हणून साबणाची वडी घेतानाही आपण सामन्याचेच पैसे भरत असतो!

मग ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी संसदेने २००७ साली कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खासगी वाहिनीला प्रसार भारतीलाही द्यावे लागतात. विश्वचषकाचा अंतिम सामना हा त्यांपैकीच एक. असे सामने दूरदर्शनवर मासिक वर्गणीशिवाय पाहता येतात. खेळाचा आनंद गरिबाच्या घरीही पोहोचावा, हाच या कायद्याचा हेतू आहे.