हाकेला ओ देण्याची शिस्त

१७ ऑगस्ट १९९९ च्या पहाटे तुर्कस्तानात इझमितजवळ भूकंप झाला आणि १७ हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्या ग्रीसशी तुर्कांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर, त्याच ग्रीसची बचाव पथके मदतीला धावली. तीनच आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, अथेन्स हादरले तेव्हा तुर्की पथके तिथे उतरली. संकटात माणसाला माणूस आठवतो, हे त्या दोन भूकंपांनी दाखवले. पण ढिगाऱ्याखाली अडकलेल्याचे प्राण तासांच्या हिशेबावर अवलंबून असतात. कोणाला नेमके काय हवे, ते कोणाकडे आहे, विमान कुठे उतरवायचे, खर्च कोणी करायचा, हे प्रश्न भूकंपानंतर सोडवायला बसले तर मदत पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. कळकळ आपोआप येते; शिस्त आधी घडवून ठेवावी लागते. ऑक्टोबर २००१ मध्ये स्थापन झालेली युरोपीय महासंघाची नागरी संरक्षण यंत्रणा ही अशी घडवून ठेवलेली शिस्त आहे.

महासंघाचे २७ सदस्य आणि बाहेरचे १० देश या यंत्रणेत सहभागी आहेत. त्यांत तुर्कस्तान, सर्बिया, नॉर्वे, युक्रेन असे परस्परांपासून फार वेगळे देश आहेत. तिचा समन्वय कक्ष ब्रसेल्समध्ये असून २०१३ पासून तो आजच्या स्वरूपात रात्रंदिवस चालू आहे. आपत्तीग्रस्त देश आपली गरज कक्षाला कळवतो: इतके पंप, इतके तंबू, शोधकुत्र्यांसह अमुक क्षमतेचे बचाव पथक. ती मागणी एकाच वेळी सर्व देशांपुढे जाते. ज्यांच्याकडे ती सामग्री आहे ते देऊ करतात आणि काय स्वीकारायचे हे मागणारा देश ठरवतो. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून पूररेषेचे किंवा पडझडीचे नकाशे तयार होतात. आधीपासून सामाईक ताफ्यात नोंदवलेले पथक निघाले, तर वाहतुकीसह त्याच्या मोहिमेच्या खर्चाचा मोठा वाटा महासंघ उचलतो. पथकांची पारख संयुक्त राष्ट्रांच्या मापदंडाने होते. अवजड श्रेणीच्या पथकाला एकाच वेळी दोन ठिकाणी, दिवसरात्र, दहा दिवस काम करता आले पाहिजे आणि तेही स्वतःच्या शिदोरीवर. ज्या गावात प्यायला पाणी उरलेले नाही, तिथे आलेल्या पाहुण्याने पाणी मागू नये, इतका साधा विचार त्यामागे आहे.

या शिस्तीचे फळ २०१८ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये दिसले. थंड हवेच्या त्या देशात जंगले पेटली आणि इतक्या मोठ्या वणव्यांना पुरेल अशी विमाने त्याच्याकडे नव्हती. इटली आणि फ्रान्सने समुद्रावरून वा तलावावरून झेपावत काही सेकंदांत सहा हजार लिटर पाणी भरून घेणारी विमाने पाठवली. पोलंडहून १३९ जवान ४४ वाहने घेऊन निघाले. बाल्टिक समुद्र ओलांडून बंबांची ती लांबलचक रांग उत्तरेकडे जात असताना लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवत होते. परदेशी गाड्यांच्या एवढ्या मोठ्या ताफ्याला वाट, मुक्काम आणि कामाची जागा नेमून देणे पूर्वतयारीशिवाय जमत नाही.

यावर कोणी म्हणेल, शेजाऱ्याने शेजाऱ्याला थेट फोन करावा, मध्ये ब्रसेल्स कशाला? एखादा पंप हवा असेल तर फोन पुरतो. पण दहा देशांना दहा फोन केले, की एकाच वस्तूचे ढीग लागतात आणि दुसरी वस्तू येतच नाही. शिवाय मागणारा आणि देणारा देश इथे आपापले मालकच राहतात. कक्ष कोणावर हुकूम चालवत नाही.

खरा आक्षेप याच्याही पुढचा आहे. सगळ्यांच्याच घरांना आग लागली तर ओ कोण देणार? हा प्रश्न दोनदा फार महागात पडला. २०१७ मध्ये पोर्तुगालच्या वणव्यांत शंभराहून अधिक माणसे गेली; ऑक्टोबरात पोर्तुगाल जळत असताना शेजारच्या स्पेनचा गॅलिसिया प्रांतही पेटलेला होता. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस इटलीने मास्क मागितले, तेव्हा जो तो स्वतःचा साठा कवटाळून बसला. हे अपयश झाकण्यासारखे नाही. मात्र त्यातून घेतलेला धडाही खरा आहे. पोर्तुगालनंतर, २०१९ मध्ये, महासंघाच्या पैशाने राखीव विमानांचा ताफा उभारण्याचा निर्णय झाला. मार्च २०२० मध्ये त्याच राखीव व्यवस्थेत वैद्यकीय साठ्याची भर पडली. आता सहा देशांत ठेवण्यासाठी १२ नवी अग्निशमन विमाने घेतली जात आहेत. उधारीवर चालणाऱ्या कुमकीला स्वतःची गंगाजळी लागते, हे युरोप ठेच लागून शिकला.

मग काही देश आपली दले पोसायचे सोडून इतरांवर विसंबतील का? धोका आहे. पण पहिल्या तासांत धावून जातो तो गावचाच बंब. बाहेरची कुमक नंतर येते. त्यामुळे घरची तयारी सोडणारा देश आधी स्वतःचेच नुकसान करतो. दुसरी मर्यादा अधिक बोचरी आहे. बोलावणे आल्याशिवाय ही यंत्रणा हलत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानने तत्काळ हाक दिली, तर सीरियाच्या सरकारची मागणी दोन दिवसांनी आली. सरकारच्या मौनाची किंमत ढिगाऱ्याखालच्या माणसाने का मोजावी, याचे समाधानकारक उत्तर या रचनेत नाही, आणि ते शोधले गेलेच पाहिजे.

तरीही या यंत्रणेच्या बाजूने कौल द्यावा लागतो. तिचे दार युरोपबाहेरच्या देशांनाही उघडे आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालू होती, तेव्हा भारताने याच यंत्रणेकडे मदत मागितली आणि युरोपातल्या अनेक देशांनी ऑक्सिजनची सामग्री, व्हेंटिलेटर आणि औषधे पाठवली.