दिवसा स्टुडिओ, संध्याकाळी बेथोव्हेन

मुंबईच्या सिम्फनी ऑर्केस्ट्राचं श्रेय पारशांना दिलं जातं, आणि ते वावगं नाही. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. बेल्जियमहून आलेले ज्यूल्स क्रेन त्याचे संचालक झाले. प्राग सोडून आलेले वॉल्टर कॉफमन (आकाशवाणीची ओळखधून यांच्याच नावावर आहे) त्याच सुमारास शहरात चेंबर संगीताच्या मैफली भरवत होते. कावसजी जहांगीर हॉलमध्ये कार्यक्रम होत. तिथे आता चित्रं टांगलेली असतात.

पण ऑर्केस्ट्राला पन्नास-साठ माणसं लागतात, आणि वर्षाकाठी मोजके कार्यक्रम करणारी संस्था त्यांना पगारावर ठेवणार कशी? हौशी पारशी वादक होते, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडचा आधार होता. उरलेली भिस्त गोवेकरांवर.

पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, कारण रविवारच्या मिस्साला वादक हवे असत. गावात पोट भरण्याजोगं काम नव्हतं. ही मुलं मुंबईला येत, धोबीतलावच्या आपापल्या गावाच्या कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक वसतिगृहात, पथारी टाकत आणि हॉटेलांच्या बँडमध्ये शिरत. बोलपट आल्यावर स्टुडिओंची दारंही उघडली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवणार आणि अरेंजर ती ऐकून प्रत्येक वाद्याचा पार्ट कागदावर उतरवणार, अशी कामाची रीत बसली. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागची व्हायोलिनांची लाट सेबॅस्टियन डिसोझांच्या लेखणीतून आलेली आहे. कागद समोर ठेवताच वाजवू शकणारे व्हायोलिनवादक शहरात एवढ्या संख्येने टिकले ते रेकॉर्डिंगच्या पैशावर. माझ्या मते मुंबईच्या सिम्फनीचा सर्वांत मोठा आश्रयदाता हिंदी सिनेमाच होता, फक्त देणगीदारांच्या यादीत त्याचं नाव कधी लागलं नाही.

मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी हा व्यवहार उलटा फिरवून पाहिला. दिवसा सिनेमासाठी अरेंजिंग करणारा हा माणूस रागांवर आधारलेल्या सिम्फनीच्या रचना लिहीत होता. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला आणि गायला होते लता मंगेशकर व मन्ना डे. पुढे १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले. परत आले, पण सिनेमात पुन्हा रमले नाहीत. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव घराघरांत पोहोचवलं, तेही एका विनोदी गाण्यातून. त्यांच्या रचना मात्र फारशा कुणी ऐकलेल्या नाहीत, याची चुटपुट लागते.

मेहली १९५५ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात गेले, नंतर लॉस एंजेलिसला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा झुबिन त्याच शहराच्या फिलहार्मोनिकचा संचालक झाला.

मुंबईत खरा घाव पुढे बसला. सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित होऊ लागलं आणि व्हायोलिनांच्या रांगा स्टुडिओतून हटल्या. पोटाचं साधन गेल्यावर पुढच्या पिढीने वाद्य हातात का धरावं? म्हणूनच एनसीपीए या कलासंस्थेचे खुशरू सुंतूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला तेव्हा वादक मोठ्या संख्येने कझाकस्तानातून आणावे लागले. त्यावर नाकं मुरडली गेली. मला ती टीका पटत नाही. वादक काही एका हंगामात तयार होत नाहीत. याच ऑर्केस्ट्राने २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांच्याकडून तबल्याची ‘पेशकार’ ही कॉन्चेर्टो लिहून घेतली, आणि लहान मुलांना अगदी पायापासून शिकवणारी अकादमीही काढली.

ही मुलं उद्या तयार होतील. त्यांना काम कुठे मिळणार, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. मोठ्या ऑर्केस्ट्राची हौस सिनेमाला अजूनही आहे. २०१६ च्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी तो वापरला, पण त्याचं ध्वनिमुद्रण हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत झालं.