चाकरमान्यांचं गणित

2011च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,120हून अधिक स्त्रिया होत्या. महाराष्ट्राचा आकडा होता 929. मुली जास्त जन्मतात म्हणून? छे! शून्य ते सहा वयोगटात तिथेही मुलीच कमी. खरं कारण पुरुषांना घेऊन जाणारी मुंबईची गाडी. डोंगरउताराची तुटपुंजी शेती माणसाला बाहेर ढकलते, शहरातला पगार ओढून घेतो. आधी गेलेला चुलता खोलीत जागा देतो, मग पुतण्या निघतो. याला साखळी स्थलांतर म्हणतात.

2001 ते 2011 दरम्यान रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे पावणेपाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. गणपतीत मात्र शहरात गेलेले हे चाकरमानी परततात आणि तीच गावं गजबजतात. जनगणना फेब्रुवारीत होते, भाद्रपदात नव्हे!