वास गेला, म्हणजे नेमके काय गेले?

६ जून २०२०, शनिवारची रात्र. टाळेबंदीत घरी अडकलेल्या मुंबईच्या घाटकोपर, विक्रोळी, पवई, अंधेरी भागांतून एकच तक्रार येऊ लागली, गॅसचा वास येतोय. अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या त्या लोकांच्या नाकांवर विश्वास ठेवून. त्यानंतर आठवड्यानेच, १३ जूनला, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे हे कोविडच्या लक्षणांच्या यादीत घातले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की प्रश्न पडतो, ज्यांच्या नाकाला त्या रात्री काहीच कळले नसेल, त्यांना सावध कोणी करायचे? विषाणूमुळे वास जाणे म्हणजे सर्दीची मागे राहिलेली किरकोळ तक्रार, असे आपण धरून चालतो. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळेच या दुखण्याची ना नीट तपासणी होते, ना वेळेवर उपचार.

सर्दीत नाक चोंदते, हवा वरपर्यंत पोचत नाही आणि वास येत नाही. नाक मोकळे झाले की तो परततो. कोविडमध्ये मात्र मोकळ्या नाकाच्या माणसांचाही वास गेला. याचे कारण नाकाच्या अगदी छताशी, दोन्ही डोळ्यांच्या मधल्या पातळीवर असलेल्या अस्तराच्या एका लहानशा पट्ट्यात आहे. वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथे असतात आणि त्यांचे तंतू चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूकडे जातात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले, की विषाणूला आत शिरायला लागणारे एसीई-२ हे दार या चेतापेशींवर जवळजवळ नसतेच. ते असते त्यांना पोसणाऱ्या, ओलावा राखणाऱ्या आधारपेशींवर. आधारपेशी कोसळल्या की चेतापेशींचे वास टिपणारे केसासारखे तंतू झडतात. पुढच्या संशोधनात आणखी दोन गोष्टी दिसल्या. संसर्गाच्या धक्क्याने चेतापेशींमधली वास ओळखणारी जनुके मंदावतात, आणि ज्यांचा वास महिनोन्‌महिने परतत नाही त्यांच्या अस्तरात विषाणू गेल्यावरही प्रतिकारपेशींची झुंज चालूच राहते. हा प्रकार कोविडपुरता नाही. साध्या सर्दीच्या आणि इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंनंतर कायमचा वास गेलेले रुग्ण नाक-कान-घसा तज्ज्ञांना आधीपासून माहीत होते. त्यांच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, इतकेच.

लक्ष न जाण्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. आजारी माणूस ‘तोंडाला चव नाही’ म्हणतो आणि आपण जिभेकडे बघतो. जीभ खारट, गोड, आंबट, कडू एवढेच ठळकपणे सांगते. आमटीतला गोडा मसाला, तुपातले जिरे, आंब्याचा आंबेपणा हे सारे नाकाचे काम. डोळे मिटून मीठ आणि साखर ओळखता आली, पण कॉफीची पूड आणि वेलची नाकाशी धरून वेगळी सांगता आली नाही, तर जीभ ठीक आहे आणि गंध गेला आहे असा अंदाज बांधता येतो. इथे एक फसगत टाळायला हवी. बाम हुंगून ‘झोंबतंय, म्हणजे वास येतोय’ असे अनेकजण ठरवतात. झोंबणे कळवणारी चेहऱ्याची चेता वेगळी असते. गंध पुरता गेला तरी बाम झोंबतोच.

यावर आक्षेप असा, की बहुतेकांचा वास आपोआप परततो, मग एवढा गाजावाजा कशाला? परततो, हे खरे. नाकातल्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होतात, म्हणूनच ते शक्य होते. पण २०२२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एकत्रित अभ्यासाने सुमारे ५ टक्के रुग्णांत हा दोष दीर्घकाळ टिकतो असा अंदाज दिला. टक्का लहान वाटतो, पण कोविड किती घरांत येऊन गेला हे आठवले की त्यामागची माणसे दिसतात. दुसरा आक्षेप, यावर औषधच नाही. हमखास गोळी नाही, हेही खरे. पण व्यायाम आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार गंध रोज दोनदा, बारा आठवडे हुंगायचे असतात. चार लहान बरण्या, प्रत्येकीशी काही सेकंद, सावकाश श्वास आणि तो गंध पूर्वी कसा होता याची आठवण. फळ हळूहळू मिळते आणि सर्वांना सारखे मिळत नाही. मधल्या काळात कांदा-लसणाची फोडणी किंवा कॉफी कुजल्या-जळल्यासारखी लागू शकते. घरच्यांना तो खाण्याचा चोखंदळपणा वाटतो. प्रत्यक्षात चेतापेशींची जोडणी पुन्हा, अर्धवट, सुरू झाल्याची ती बऱ्याचदा खूण असते. अशा माणसाला जेवणावरून बोलू नये.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदले आहेत. गंध जाणे त्यांत नाही. दृष्टी किंवा श्रवणाइतके ते जाचक नाही, हे मान्य. पण स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे सुरक्षेची ही सारी व्यवस्था शाबूत नाकावर उभी आहे. म्हणून ‘आपला दवाखाना’सारख्या सार्वजनिक दवाखान्यांत ताप-खोकल्याच्या रुग्णाला ‘वास येतो का?’ हा एक प्रश्न विचारला जावा. आणि ज्यांचा वास गेला आहे त्यांनी आजपासूनच रात्री रेग्युलेटर बंद करावा, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घ्यावे, उरलेल्या अन्नाच्या डब्यावर तारीख लिहावी आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे जावे.