सात-बाराचा उतारा आणि हरवलेले शेत

तुमच्या घरी शेती असेल तर 'सात-बाराचा उतारा' हे शब्द तुम्ही लहानपणापासून ऐकले असतील. पीककर्ज काढायचे असो की जमिनीची खरेदी-विक्री असो, घरातील मोठी माणसे म्हणतात, "आधी उतारा काढून आण." पण या कागदाला सात-बारा का म्हणतात, असे विचारले तर तीच मोठी माणसे पुष्कळदा अडखळतात.

उत्तर सोपे आहे. गावाचे महसुली दप्तर ठेवण्यासाठी १ ते २१ असे 'गाव नमुने' ठरवून दिलेले आहेत. नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक. कोणत्या गटाचे क्षेत्र किती आणि ती जमीन कोणाच्या नावावर, हे त्यात असते. नमुना १२ ही पिकांची नोंदवही. कोणत्या गटात, कोणत्या हंगामात, कोणते पीक किती क्षेत्रावर होते, हे तिच्यात. हे दोन्ही नमुने एका कागदावर वर-खाली मांडले की झाला सात-बारा! म्हणजे सात-बारा ही मुळी एक नोंदवही नव्हेच. दोन नोंदवह्यांतील एकमेकींशी संबंध असलेली माहिती जुळवून काढलेला तो उतारा आहे. जुळवायची कशावरून? तर गट क्रमांकावरून. कारण तो एकच आकडा दोन्हीकडे लिहिलेला असतो.

जुन्या हाती लिहिलेल्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात एक आकडा दिसतो. तो असतो फेरफाराचा. त्या आकड्यावरून नमुना ६ उघडायचा, की हे नाव जमिनीला वारसाने लागले की खरेदीने, ते कळते. किती साधी युक्ती! सगळी हकिकत पुन्हा लिहायची नाही. फक्त ती जेथे आहे तेथला क्रमांक लिहायचा.

मग तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? एकच मोठी वही का नाही ठेवायची? ठेवून पाहा. पीक दर हंगामाला बदलते, मालक क्वचित बदलतो. प्रत्येक पिकाच्या ओळीत मालकाचेही नाव लिहीत गेलो, तर दहा वर्षांत ते वीस ठिकाणी होईल. पुढे वारसाची नोंद करताना एकोणीस ठिकाणी बदल झाला आणि एक जागा नजरेतून सुटली, तर त्या शेताला दोन मालक होतील. म्हणून एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि हवी तेव्हा क्रमांकावरून जुळवून घ्यावी. आज संगणकातील बहुतेक डेटाबेस याच तत्त्वावर चालतात. नोंदवहीला तेथे 'टेबल' म्हणतात, जुळवणीला 'जॉइन' आणि जुळवून छापलेल्या उताऱ्याला 'रिपोर्ट'. आपण जॉइनला 'जोड' म्हणू या.

जोड देणे हे काम दिसायला बाळबोध आहे. पण भले भले चुकतात ते येथेच. कसे, ते एका छोट्या गावात पाहू. आपल्या या कल्पित गावात तीनच गट आहेत. गट ४१ चे क्षेत्र १.०० हेक्टर, खातेदार एक, पीक एक: कापूस. गट ४२ चे क्षेत्र १.२० हेक्टर, तो थोरला, मधला, धाकटा अशा तिघा भावांचा सामाईक आहे आणि त्यात ०.८० हेक्टर ज्वारी व ०.४० हेक्टर तूर आहे. गट ४३ चे क्षेत्र ०.६० हेक्टर, खातेदार एक. पण पिकांच्या वहीत त्याची नोंदच नाही. गावाचे एकूण क्षेत्र २.८० हेक्टर.

आता संगणकाला सांगू: गट, खातेदार आणि पिके ही तिन्ही टेबले गट क्रमांकावरून जोड आणि यादी छाप. यादी येते ती अशी:

४१ – १.०० – खातेदार – कापूस
४२ – १.२० – थोरला – ज्वारी
४२ – १.२० – थोरला – तूर
४२ – १.२० – मधला – ज्वारी
४२ – १.२० – मधला – तूर
४२ – १.२० – धाकटा – ज्वारी
४२ – १.२० – धाकटा – तूर

दुसऱ्या रकान्याची बेरीज करा. ८.२० हेक्टर! गाव जवळजवळ तिप्पट झाले. संगणकाने काही चूक केली का? मुळीच नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढे त्याने केले: गट क्रमांक जुळणारी प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येक नोंदीशी जोडली. तीन खातेदार, दोन पिके, म्हणून ३ × २ = ६ ओळी; आणि प्रत्येक ओळीत गटाचे पूर्ण क्षेत्र पुन्हा छापले गेले. ज्वारीचे क्षेत्र मागितले असते तर तेही ०.८० ऐवजी २.४० आले असते.

आणि गट ४३? तो कोठेच नाही. त्याच्या क्रमांकाची पीकनोंद नाही म्हणून जोडी जुळली नाही, आणि जोडी जुळली नाही म्हणून ओळ छापली गेली नाही. गाव फुगले, आणि त्या फुगलेल्या गावात एक शेत हरवले.

माझ्या मते फुगण्यापेक्षा हे हरवणे अधिक वाईट. फुगलेली बेरीज कोणाच्या तरी डोळ्यांत भरते. पण समजा, अतिवृष्टीने पिके गेली आणि नुकसानीची यादी अशा जोडातून काढली. गट ४३ मध्ये खरोखर सोयाबीन उभे होते, फक्त त्याची नोंद राहून गेली होती. मग त्या शेतकऱ्याचे नाव यादीत 'अपात्र' म्हणूनही येणार नाही. ते येणारच नाही. नावापुढे फुली असती तर ती का मारली म्हणून विचारता तरी आले असते.

शिवाय या दोन चुका एकमेकींना झाकूही शकतात, बरे का! समजा, गट ४२ चे क्षेत्र ०.६० हेक्टर असते, त्याला खातेदार एकच असता आणि पिके तीच दोन. तर तो यादीत दोनदा आला असता, म्हणजे ०.६० जास्त, आणि गट ४३ हरवला म्हणून ०.६० कमी. बेरीज २.२०, अगदी बिनचूक! तेव्हा नुसती बेरीज जुळली म्हणून यादीवर विश्वास ठेवू नये.

जोडी न जुळलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न संगणकाच्या आधीपासूनचा आहे. अमेरिकेत १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि कोट्यवधी कामगारांची खाती ठेवण्याची वेळ आली. तेव्हा माहिती पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून साठवीत. कार्डांचे दोन गठ्ठे क्रमांकावरून जुळविण्यासाठी आयबीएम कंपनीने १९३७ साली 'कोलेटर' नावाचे यंत्र काढले. ते मिनिटाला २४० कार्डे हाताळू शकत असे. गंमत अशी, की ज्या कार्डांना जोडीदार मिळत नसे ती हे यंत्र वेगळ्या कप्प्यात टाकू शकत असे. काम संपले की तो कप्पा डोळ्यांसमोर असे. त्यात कार्डे दिसली, की ती का उरली याचा शोध घेता येई.

पुढे संगणक आले आणि माहिती चुंबकीय फिती व तबकड्यांवर गेली. चंद्राकडे जाणाऱ्या 'सॅटर्न ५' अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची यादी सांभाळण्यासाठी १९६६ पासून आयएमएस ही पद्धत तयार झाली. तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. एखादी गोष्ट हवी असेल तर ती कोणत्या फांदीवर आहे हे आधी ठाऊक असावे लागे. १९७० साली आयबीएममधीलच एडगर कॉड या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे, की फांद्या नकोत आणि वाटाही नकोत. माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि टेबलांचा संबंध फक्त त्यांत लिहिलेल्या किमतींवरून जोडा. तुमच्या लक्षात आलेच असेल, नमुना ७ आणि नमुना १२ यांचा संबंध असाच आहे! कॉड यांनी त्यामागे भक्कम गणित उभे केले. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातील मानाचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले.

मात्र साध्या जोडाला कोलेटरचा तो वेगळा कप्पा नव्हता. जुळले ते बाहेर आले, उरले ते निमूट नाहीसे झाले. जोडी नसलेली नोंदही राखणाऱ्या 'आउटर जॉइन'ची, म्हणजे बाह्य जोडाची चर्चा कॉड यांनी १९७९ च्या निबंधात केली. आणि डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेच्या प्रमाण रूपात त्यासाठी स्वतंत्र शब्द आले ते १९९२ साली. आता 'लेफ्ट जॉइन' असे म्हटले, की डाव्या टेबलातील प्रत्येक नोंद यादीत येतेच. डावीकडे गट आणि उजवीकडे पिके ठेवली, तर गट ४३ ची ओळ छापली जाते आणि पिकाचा रकाना कोरा राहतो.

हा कोरा रकाना नीट वाचायला हवा. तेथे शून्य लिहिलेले नाही, 'पडीक' असेही लिहिलेले नाही. शून्य म्हणजे कोणी तरी पाहिले आणि काही नव्हते. कोरे म्हणजे आपल्यापाशी नोंद नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागले. एखाद्याचा मोबाइल त्या दिवशी शेतात चालला नसेल, एखाद्याकडे मोबाइलच नसेल. रकाना कोराच दिसणार. शेतात मात्र पीक डोलत असेल.

फुगलेल्या बेरजेवरचा उपाय तर आपल्या जुन्या कागदानेच दाखवून ठेवला आहे. सात-बारा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. गटाचे क्षेत्र एकदाच लिहिलेले. खातेदारांची नावे वरच्या भागात, पिके खालच्या भागात. थोरल्याची ज्वारी, मधल्याची ज्वारी अशा जोड्या तेथे कोणी लावलेल्या नाहीत, कारण नावांचा संबंध गटाशी आहे, पिकांचाही गटाशी आहे. नावांचा पिकांशी थेट संबंध नाही. संगणकावर अहवाल तयार करणारे हेच करतात. गटाचा एक मुख्य अहवाल आणि त्याच्या पोटात दोन छोटे अहवाल; त्यांना 'सबरिपोर्ट' म्हणतात. प्रत्येक गटाची एकच ओळ हवी असेल तर पिकांच्या वहीत गटवार बेरीज आधी करावी आणि मग जोड द्यावा. आधी जोडून मग बेरीज केली, की ८.२० हेक्टरचे गाव तयार होते.

लेफ्ट जॉइन शिकलो म्हणून आपण सुटलो असे मात्र समजू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या ग्रंथालयासाठी मी अशीच यादी काढली होती: विद्यार्थी आणि त्यांनी त्या वर्षी नेलेली पुस्तके. डाव्या बाजूला विद्यार्थी ठेवायला मी विसरलो नव्हतो. यादी सुबक छापून दिली. ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई ती वाचून म्हणाल्या, "आमच्या आठवीतली एक मुलगी यात नाही. तिने एकही पुस्तक नेलेले नाही, आणि मला नेमकी तशीच मुले हवी होती." मी यादी तपासली. जोड बरोबर होता. पण त्यानंतर मी 'वर्ष चालू असावे' अशी अट घातली होती. ज्यांनी पुस्तक नेलेच नाही त्यांच्या ओळीत वर्षाचा रकाना कोरा! कोरा रकाना ती अट कशी पुरी करणार? एका हाताने राखलेल्या नोंदी मी दुसऱ्या हाताने पुसून टाकल्या होत्या. खरे म्हणजे आधी देवघेवीच्या वहीतून त्या वर्षाच्या नोंदी वेगळ्या काढायच्या आणि मग विद्यार्थ्यांच्या टेबलाला जोडायच्या. तसे केले तेव्हा त्या मुलीचे नाव आले, आणि तिच्याबरोबर आणखी काही नावे आली. पहिल्या यादीत ती नव्हती, हे मला तोवर जाणवलेही नव्हते.

आता हे करून पाहा. संगणक नको, जुन्या वह्यांचे पुठ्ठे पुरेत. तीन कार्डांवर गट ४१, ४२, ४३ आणि त्यांची क्षेत्रे लिहा. पाच कार्डांवर खातेदार आणि तीन कार्डांवर पिके लिहा. प्रत्येकावर गट क्रमांक हवाच. गटांची कार्डे वर्गातील एका मित्राला द्या, पिकांची दुसऱ्याला, आणि दोघांना क्रमांक पुकारून जोड्या लावायला सांगा. सुरुवातीला कोणाकडे किती कार्डे होती आणि शेवटी हातात किती उरली, ते फळ्यावर लिहून ठेवा. गट ४३ चे कार्ड उरेल. मग खातेदारांची कार्डेही घेऊन ४२ च्या सहा जोड्या होतात का, ते पाहा.

नंतर चौथे पीक-कार्ड तयार करा: सोयाबीन, ०.६०. त्यावर गट क्रमांक लिहिताना मुद्दाम ४३ ऐवजी ३४ लिहा. आता दोन्ही मित्रांच्या हातांत एकेक कार्ड उरेल, एकाकडे पीक नसलेले शेत आणि दुसऱ्याकडे शेत नसलेले पीक. लेफ्ट जॉइनने पहिले दिसले असते, दुसरे नाही. दोन्ही कार्डे बाकावर शेजारी ठेवा, त्यांवरची क्षेत्रे ताडून पाहा, आणि चूक कोणत्या वहीत झाली ते वर्गाला ओळखायला सांगा.